दहापैकी दहा वेळा

आमच्या खोलीत चार खुर्च्या होत्या. प्रत्येक खुर्चीसमोर एक दिवा आणि दिव्यामागे पडदा, अर्धा पांढरा, अर्धा काळा. इंजेक्शनची काचेची कुपी तिच्या निमुळत्या मानेशी धरायची, बुडबुडे येऊ न देता हलकेच फिरवायची, पाच सेकंद पांढऱ्यापुढे आणि पाच सेकंद काळ्यापुढे. काळा कण पांढऱ्यावर दिसतो, काचेची कपची किंवा धागा काळ्यावर. काही दिसलं तर कुपी लाल ट्रेमध्ये, नाही तर निळ्या. तासाला दहा मिनिटं डोळे मिटून बसायचं. मधले बाळंतपणाचे सहा महिने सोडले तर चार वर्षं मी हे काम करत होते. रसायनशास्त्राची पदवी घेऊन ही बाटल्या हलवते, असं माझा भाऊ चारचौघांत सांगायचा.

नवऱ्याचं काम सहा महिने असतं, सहा महिने नसतं. तेव्हा घर माझ्या खुर्चीवर उभं होतं.

बाळ झाल्यापासून मला आत काही वाटत नसे. रडू येत नव्हतं. हसायचं तिथे मी हसत होते, थोडं उशिराने. फक्त डोळे थांबत नव्हते. पोरीचं पोट वर-खाली होतंय ना ते बघायचं, तिच्या पाण्याचा काचेचा पेला उजेडात धरून फिरवायचा. एकदा दुधाची बाटली खिडकीपुढे धरली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "दूध आहे ते. त्यातून काय आरपार दिसणार आहे तुला?"

सासूबाई याच कारखान्यात होत्या. त्यांच्या वेळी कुपीचं तोंड गॅसच्या ज्योतीवर वितळवून हाताने बंद करत. मग बंद करणारं मशीन आलं आणि त्या घरी आल्या. त्यांच्या अंगठ्याला अजून गरम कळत नाही. पोरीच्या अंघोळीचं पाणी त्या कोपराने बघतात.

आमच्या खोलीसाठी मशीन आलं तेव्हा त्याच्याबरोबर एक तरुण इंजिनिअर आला. त्याला आम्ही मशीनवाला म्हणायचो. पहिल्या दिवशी त्याने आम्हा चौघींना बसवून भिंतीवर चित्रं दाखवली. यंत्रांचा इतिहास. आमची भीती जावी म्हणून असणार.

दोन हजार वर्षांपूर्वी एका देवळात वेदीवर अग्नी पेटवला की दारं आपोआप उघडत. खाली तळघरात तापलेली हवा, पाणी आणि दोऱ्या. नंतर कुणा राजासाठी बनवलेली बाहुली, जी हातावर पाणी ओतायची आणि मग टॉवेल पुढे करायची.

"आणि सांडलेलं पाणी कोण पुसायचं?" थोरलीने विचारलं. थोरली म्हणजे आमच्यातली सगळ्यात जुनी, बावीस वर्षं त्याच खुर्चीत. आम्ही तिला ताई म्हणायचो.

मशीनवाला हसला आणि पुढचं चित्र लावलं. पाण्यावर तरंगणारी नाव, तिच्यात चार लाकडी वादक. आतल्या खुंट्या बदलल्या की ताल बदलायचा. त्यानंतर एक बदक. ते दाणे खायचं आणि थोड्या वेळाने शी करायचं. लोक तिकीट काढून बघत. पुढे कळलं की शी आधीच भरून ठेवलेली असायची.

"माझ्याकडे दोन आहेत," जुळी म्हणाली. तिला जुळी मुलं होती. "भरावं लागत नाही."

मग भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवर चालणारा माग. भोक असेल तिथे धागा वर, नसेल तिथे खाली. मग बुद्धिबळ खेळणारं यंत्र, जे ऐंशीएक वर्षं गावोगाव फिरलं आणि भल्याभल्यांना हरवून आलं. त्याच्या पेटीत माणूस बसलेला असायचा.

"जेवायचा कधी तो?" हे चष्मेवालीने विचारलं. चष्मा लावून कुपी बघायची परवानगी असलेली ती एकटीच होती.

मशीनवाला पुढच्या चित्राकडे गेला. तापलेले धातूचे तुकडे उचलणारा पहिला यांत्रिक हात, साठेक वर्षांपूर्वीचा. तिथे तो म्हणाला की रोबो हा शब्द एका नाटकातून आला आणि ज्या शब्दापासून तो केला त्याचा अर्थ वेठ. वेठबिगारीतली वेठ. "म्हणजे बघा, माणसाला वेठीतून सोडवायला."

"सोडवतात, ते माहीत आहे," थोरली म्हणाली. "माझ्या धाकट्या जावेला तीन वर्षांपूर्वी सोडवलं."

शेवटी त्याने मशीन कसं तपासणार ते सांगितलं. मशीन पास की नापास हे आमच्यावर ठरणार होतं. दोनशे कुप्या, काही चांगल्या, काही खराब. तळाला नंबर छापलेला, पण तो वेगळ्या दिव्याखालीच दिसणारा. रोज सकाळी प्रत्येकीने त्या दोनशे बघायच्या, क्रम रोज वेगळा, अशा दहा फेऱ्या. म्हणजे प्रत्येक कुपी आम्ही चौघी मिळून चाळीस वेळा बघणार. चाळीसपैकी अठ्ठावीस वेळा जी बाद ठरेल ती पक्की बाद. पक्क्या बाद कुप्या मशीनने पकडायच्याच. एक जरी सुटली तरी मशीन नापास, परत जाणार. अठ्ठावीसपेक्षा कमी वेळा बाद ठरलेली कुपी मशीनला विचारायचीच नाही.

"जी तुम्हालाच धड दिसत नाही ती त्याला कशी विचारणार?" तो म्हणाला. "आणि कोण ठाम आहे, कोण डळमळतं, तेही तक्त्यात दिसेल."

दुपारी हात धुताना थोरली आम्हा तिघींना म्हणाली, "ऐका. आपण जितक्या पक्क्या पकडू तितकी त्याची परीक्षा अवघड. बारीकातली बारीक पकडा. मग बघू ते किती शहाणं आहे."

आम्ही हो म्हणालो. मीही म्हणाले.

पहिल्या फेरीच्या सकाळी पोरीला खोकला होता. फार नव्हता. निघताना मी तिचे श्वास मोजले होते, आणि खुर्चीत बसल्यावरही आत कुठेतरी मोजणं चालू होतं. साठाव्या-सत्तराव्या कुपीत काळ्यापुढे काहीतरी केसासारखं चमकलं आणि गेलं. पुन्हा फिरवली, दिसलं नाही. बाहेरून लागलेला पुसल्याचा ओरखडा असेल असं वाटलं. निळ्या ट्रेमध्ये ठेवली. तशा आणखी काही झाल्या. वेळ संपत होता, आणि सुट्टीत घरी फोन करायचा होता.

दुसऱ्या दिवशी ती कुपी माझ्या हातात आली आणि मी तिला ओळखलं.

नंबर दिसत नव्हता, हे खरं. पण कुप्यांची टोकं सारखी नसतात. काच वितळवून बंद केलेली असते, कुठे थेंब गोठतो, कुठे टोक जरा वाकतं, कुठे चिमटीत धरल्यासारखं चपटं होतं. रोजच्या कामात ते कुणी लक्षात ठेवत नाही, कुपी एकदाच हातात येते आणि जाते. इथे त्याच दोनशे रोज येत होत्या. आणि मला लक्षात राहतं. पोरीच्या अंगावरच्या प्रत्येक पुळीची जागा मला लक्षात असते.

ही डावीकडे कललेली. काल मी हिला चांगली म्हटलं होतं. आज फिरवली तेव्हा काळ्यापुढे तो केस पुन्हा दिसला, अर्धा सेकंद.

आज लाल म्हटलं तर काल मी चुकले होते. तक्त्यात दिसणार, एकदा निळी, एकदा लाल. डळमळणारी. मी ती निळ्या ट्रेमध्ये ठेवली.

हे मी ठरवून केलं असं म्हणता येणार नाही. हात गेला. शंका येईल ती प्रत्येक कुपी मला त्या दिवसापासूनच ओळखीची होती. पाचव्या दिवशी मी कुपीतल्या पाण्याकडे बघतच नव्हते. टोक बघायचे, कालचं उत्तर आठवायचं, ट्रे. सेकंद मात्र पूर्ण मोजायचे, पाच आणि पाच. बाजूला थोरली एकेक कुपी दोनदा फिरवत होती, नाकाशी आणत होती, पापण्या चोळत होती. चष्मेवाली पुटपुटायची, "आहे... नाही... आहे गं बाई." माझे हात कुठेच अडत नव्हते. मला बरं वाटत होतं, म्हणजे काहीच वाटत नव्हतं.

तोवर पोरीचा खोकला गेला. सासूबाई म्हणाल्या, "आता तरी जरा सैल हो." मी सैलच होते.

दहा फेऱ्या संपल्या, मग मशीनने त्याच दोनशे कुप्या बघितल्या. दोन दिवसांनी सुपरवायझरने तक्ता खोलीच्या दारावर लावला. पक्क्या बाद एकतीस. मशीनने एकतीसच्या एकतीस पकडल्या. मशीन पास.

तक्त्यात आमची नावं नव्हती, एक ते चार असे रकाने होते. पहिल्या तिघींच्या रकान्यांत सगळे आकडे होते, सहा, नऊ, सात, दहा, आठ. चौथ्या रकान्यात फक्त शून्य आणि दहा.

"ही चार नंबरची कोण?" चष्मेवाली म्हणाली. "हिला कधी शंकाच आली नाही?"

खाली नऊ कुप्यांभोवती पेन्सिलीने गोल केले होते. त्या नवांत बाकी तिघींचे मिळून पंचवीस, सव्वीस, सत्तावीस झाले होते. चौथ्या रकान्यात शून्य. कुठे तिनाने, कुठे एकाने कमी पडत होतं. शेजारी मशीनचा रकाना होता. नवांपैकी सात मशीनने सोडून दिल्या होत्या. यातली एक जरी पक्की बाद ठरली असती, तर मशीन परत गेलं असतं.

दुपारी सुपरवायझरने मला आत बोलावलं. मशीन कुप्यांचे तीन भाग करतं, तो म्हणाला. चांगली, बाद आणि संशयित. संशयित कुप्या बघायला एक माणूस लागेल, एकच. "तुझं बघ. दोनशेच्या दोनशे कुप्यांना दहाही वेळा एकच उत्तर. असा तक्ता मी पहिल्यांदा पाहिला. तिथे डळमळणारं माणूस नको." बाकी तिघींना महिनाअखेरीपर्यंतच काम.

मी बरं म्हणाले.

थोरली बाहेर नळापाशी उभी होती. डोळ्यांवर पाणी मारत होती. मी काही सांगायच्या आधीच म्हणाली, "तुला ठेवलं ना?"

"हो."

"चांगलं झालं. लहान आहे तुझी." तिने पदराने तोंड पुसलं. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "टोकं ओळखायला लागली होतीस?"

मी हो म्हणाले. खोटं बोलायला जो जोर लागतो तो माझ्याकडे नव्हता.

"मीही ओळखत होते," ती म्हणाली. "बावीस वर्षं झाली, न ओळखायला काय. पण तरी दर वेळी बघत होते गं मी."

तिचा आवाज चढला नाही. ती नळ बंद करत होती. तो नीट बंद होत नाही, दोनदा आवळावा लागतो.

मी मशीनवाल्याकडे गेले. तो वायरी गुंडाळत होता. मी सांगितलं की मला कुप्या टोकांवरून ओळखू येत होत्या आणि मी पहिल्या दिवसाचंच उत्तर पुढे देत राहिले. पहिल्या दिवशी माझं लक्ष नव्हतं, हेही सांगितलं.

त्याने वायर खाली ठेवली. मग म्हणाला, "हे तुम्ही लिहून दिलंत तर मला चाचणी पुन्हा घ्यावी लागेल. नवीन कुप्या, नवीन दहा फेऱ्या. तुम्हाला सोडून, कारण तुमचं उत्तर मग धरता येणार नाही. आणि इथली ती जागाही..." तो वाईट माणूस नव्हता. "कागद देऊ?"

त्याने खरंच ड्रॉवर उघडला. वर कोरे कागद होते, पेनही होतं. मी घरचा विचार केला, म्हणजे करायला सुरुवात केली. पोरीचं पोट वर-खाली होताना दिसलं. त्या नऊ कुप्या डोळ्यांपुढे आल्या, नवांची टोकं, एकेक. आता काहीतरी होईल आत, छातीत किंवा घशात, म्हणून मी वाट पाहिली. पाच सेकंद. आणखी पाच.

"नको," मी म्हणाले. "सहज सांगितलं."

"नक्की?"

"नक्की."

त्याने ड्रॉवर लोटला.

खोलीत परतले तेव्हा तिघी आपापलं सामान काढत होत्या. महिनाअखेरीला अजून अकरा दिवस होते, पण उगाच शेवटच्या दिवशी धांदल नको म्हणून. जुळी म्हणाली, "निदान आता रात्रीचा स्वयंपाक तरी उजेडात होईल." चष्मेवाली हसली. मीही हसले, थोडं उशिराने.

"कुठे गेली होतीस?" थोरलीने विचारलं.

"मशीनवाल्याकडे."

तिचे हात थांबले. "सांगितलंस?"

"हो."

"मग? काय म्हणाला?"

"म्हणाला, अहवाल वर गेला. आता काही होत नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली, कुपीकडे बघायची तशी. मी मान हलवली नाही. पांढरं आणि काळं दोन्ही होऊन गेलं असावं एवढ्या वेळाने तिने नजर काढली.

"गेला तर गेला," ती म्हणाली. "तू तुझ्याकडून सांगितलंस." मग तिने आपली खुर्ची ओढून माझ्या दिव्यापुढे आणली आणि माझी बाजूला सरकवली. "तुझ्या खुर्चीला पाठ नाही धड. एकटीने दिवसभर बसायचंय. ही घे."

मी बसले. खुर्ची अजून गरम होती.