सोळा पानं कुणी नेली

बाइंडरकाकांच्या लेखी माणसं दोनच प्रकारची होती: पुस्तकं फाडणारी आणि फाडताना अजून न सापडलेली. एकतीस वर्षं वाचनालयाच्या मागच्या खोलीत बसून त्यांनी उसवलेली पुस्तकं शिवली, पण वाचलं म्हणाल तर एकही नाही. वेळ कुठे होता? खिडकीबाहेर सायकल लावलेली असायची, तिच्यावर डोळा ठेवावा लागायचा. त्यासाठी त्यांनी टेबलच खिडकीसमोर ओढून घेतलं होतं. बायको म्हणायची, "तुम्ही आरशातल्या माणसावरसुद्धा पाळत ठेवाल." यात हसण्यासारखं काय आहे, हे काकांना कधी कळलं नाही.

ग्रंथपालसाहेबांवरही त्यांचा डोळा होताच. हल्ली जेवणाच्या सुट्टीत साहेब टेबलाचा खण अर्धा उघडून त्यात मान घालून बसायचे आणि कुणी आलं की खण धाडकन बंद करायचे. डॉक्टरांनी गोड बंद केलंय, तरी चोरून खातात, असं काकांचं ठाम मत होतं.

तर एका सोमवारी हे साहेब निळ्या पाठीचं एक पुस्तक घेऊन मागच्या खोलीत आले. पुस्तकाचं नाव 'उलट्या वाऱ्याची होडी'. सोळा-सतरा वर्षांच्या मुलामुलींसाठी लिहिलेली कादंबरी. एक धीट मुलगी, एक नकाशे काढणारा मुलगा, चोरलेली होडी, मागे लागलेले लोक आणि मधूनमधून प्रेम.

"काका, सत्त्याण्णव ते एकशेबारा, सोळा पानं गायब आहेत. एका मुलीनं तक्रार केलीय. तुम्ही पाच महिन्यांपूर्वी बांधून दिल्यापासून हे तिच्याआधी एकाच बाईंकडे गेलंय. तेही तीन वेळा."

"कोण बाई?"

"आपल्या सिस्टर."

सिस्टर म्हणजे निवृत्त नर्स. वय सहासष्ट. अर्ध्या वस्तीला त्यांनी इंजेक्शनं दिलेली, त्यामुळे त्या समोरून आल्या की भलीभली माणसं नकळत दंड चोळायची. घरात एकट्याच. मंगळवारी आणि शनिवारी वाचनालयात येणं चुकवत नसत.

"या वयात होडी आणि प्रेम? तीन वेळा?" काका म्हणाले. "साहेब, कुठंतरी पाणी मुरतंय."

"पानं फाडणाऱ्याचं कार्ड कायमचं बंद, हा आपला नियम आहे. उद्या अकराला बोलावलंय त्यांना. फाडलंय की नाही ते तुम्ही सांगा. तुमचा शब्द शेवटचा."

काकांनी पुस्तक उघडलं, शहाण्णवनंतर एकशेतेरा आलेलं पाहिलं आणि मिटलं. खरं तर पाठ उकलून आतली शिवण बघायला हवी होती. पण इतकं सरळ प्रकरण उकलायचं कशाला? "फाडलंय," ते म्हणाले. "दुसरं काय असणार?"

मंगळवारी सिस्टर अकराला पाच मिनिटं असतानाच मागच्या खोलीत हजर झाल्या. साहेबांनी चाचरत चाचरत सगळं सांगितलं. सिस्टरनी ऐकून घेतलं आणि मग त्या काकांकडे वळल्या.

"मी फाडली? अहो, मला तर वाटत होतं, ती तुम्ही कापलीत!"

"मी?" काका उडालेच.

"मग? नेमकी ती पानं गेली जिथं ती मुलगी त्याचा मुका घेते. म्हटलं, बाइंडरभाऊंना खपलं नसेल. तोंड तर कायम कारलं खाल्ल्यासारखं!"

साहेबांना एकदम खोकला आला.

"मग तक्रार का नाही केलीत?" काकांनी डोळे बारीक केले. आता कशी सापडली!

"काय म्हणून करू? सहासष्ट वर्षांची बाई काउंटरवर येऊन विचारणार, मुक्याची पानं कुठं आहेत? आणि मला ती पाठ आहेत. बांधायला जायच्या आधी चार वेळा वाचलंय मी हे पुस्तक. होडीला भोक पडतं. तो पाणी उपसतो, ती वल्ही मारते, आणि भांडण काय तर नकाशा उलटा कुणी धरला! मरायची वेळ आलीय आणि भांडतायत मेले." त्या हसायला लागल्या. "मग दीपगृह दिसतं. आत गुडघाभर पाणी. तो म्हणतो, मला पोहता येत नाही. इतके दिवस समुद्रावर, आणि हे आत्ता सांगतोय! ती आधी त्याला थोबाडीत मारते, मग मुका घेते. मी दरवेळी तिथं पुस्तक मिटून घरभर एक चक्कर मारते. बसवतच नाही हो."

त्यांचा चेहरा असा फुलला होता की काकांना क्षणभर आपण इथं कशाला बसलोय ते आठवेना. पण क्षणभरच. पाठ आहे म्हणजे फाडलं नाही, असं थोडंच आहे?

"उसवून बघा," सिस्टर म्हणाल्या. "पट्टी सोडल्याशिवाय जखमेबद्दल बोलू नये माणसानं. आणि माझं कार्ड बंद करणार असाल, तर मंगळवारी आणि शनिवारी मी कुठं जायचं तेवढं सांगून ठेवा." कार्ड त्यांनी मुठीत धरून ठेवलं होतं.

काकांनी चाकू घेतला, निळं कापड सोडवलं, सरस खरवडला. सोळा पानांची एक घडी, तिला बाइंडर फर्मा म्हणतात. प्रत्येक फर्म्याच्या पहिल्या पानाखाली त्याचा बारीक आकडा छापलेला असतो. पानं फाडली की पाठीत कागदाची कड अडकून राहते आणि दोरा सैल पडतो. इथं कड नव्हती. दोरा घट्ट होता. सहाच्या अंगाला थेट आठ शिवलेला होता. सात तिथं कधी नव्हताच.

काकांच्या कानशिलात गरम झालं. त्यांना तो दिवस आठवला. टेबलावर दोन पुस्तकं सुटी करून ठेवलेली आणि बाहेर एक माणूस सायकलीपाशी वाकलेला. चांगली दहा मिनिटं काका त्याच्यावर नजर रोखून, हातानं चाचपत शिवत राहिले होते. तो बुटाची नाडी बांधत होता मेला.

ही पाठ वाचता येणारा खोलीत एकच माणूस होता. "फाडलंय" एवढं म्हटलं की काम तमाम. एकतीस वर्षांत कुणी त्यांची चूक काढली नव्हती, आजही काढणार नव्हतं. काकांनी सिस्टरांच्या मुठीकडे पाहिलं. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

"फाडलेली नाहीत," ते म्हणाले. "मी शिवलीच नाहीत. सिस्टर, माझं चुकलं. न बघता तुमच्यावर आळ घेतला."

मग सिस्टरनी विचारलं, "ते ठीक आहे. पण पानं कुठायत?"

"त्या दिवशी दुसरं पुस्तक होतं 'घरगुती नळदुरुस्ती'. त्यात दोन सात झाले असणार. साहेब, ते कुणाकडे आहे?"

साहेब कपाळावरचा घाम पुसू लागले. मग मुकाट्यानं उठले, आपल्या टेबलाचा खण उघडला आणि नळदुरुस्ती घेऊन आले. पुस्तक आपोआप मधेच उघडलं. ती पानं हाताळून हाताळून मऊ पडली होती.

"पाच महिने?" काका ओरडले. "अहो, तुमच्याकडे नळ गळतोय का?"

"आधी मला वाटलं, गळतीचं उदाहरण दिलंय," साहेब खाली बघत म्हणाले. "होडीत पाणी शिरतंय, ते दोघं उपसतायत... मग सोडवेना. कुठल्या पुस्तकातलं आहे ते कुणाला विचारणार? हसले असते सगळे."

"सत्त्याण्णव ते एकशेबारा! काल तुम्हीच आकडे सांगितलेत मला!"

"वाचताना आकड्यांकडे कोण बघतं हो?" साहेब सिस्टरांकडे वळले. त्यांचा आवाज अगदी लहान झाला होता. "सिस्टर, त्याला पोहता येत नाही ना... मग ते दीपगृहातून सुटतात का?"

सिस्टरनी त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"माझं कार्ड चालू आहे?"

"आहे, आहे! म्हणजे काय!"

"मग रांगेत या. आधी त्या तक्रारवाल्या मुलीचा नंबर."

काका तिथंच शिवायला बसले. सिस्टर समोर खुर्ची ओढून सातवा फर्मा मोठ्यानं वाचू लागल्या, कारण आता बाइंडरभाऊंच्या एकट्याच्या हातावर त्यांचा भरवसा नव्हता. सुई चालत होती. थोबाडीत बसली तिथं ती थांबली. "अरे, मग?" काका म्हणाले.

"'द्या तो फर्मा इकडे' असं म्हणा आणि शिवा," सिस्टर म्हणाल्या. " नाहीतर पुन्हा कुणाच्या तरी नळात जाईल तो."

त्या दुपारी बाइंडरकाका काउंटरवर गेले आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी स्वतःसाठी कार्ड मागितलं. साहेबांच्या मागे त्यांचा नंबर लागला. तीन आठवड्यांनी होडी त्यांच्या हातात आली. साहेबांनी ती आदल्या दिवशीच परत केली होती, म्हणून काकांनी आधी सगळी पानं मोजून घेतली. मग त्यांनी टेबल फिरवून खिडकीकडे पाठ केली.