मौनीबाबाची फुली

"माणूस ओळखण्याची कला उपजतच असावी लागते, ती शिकवून येत नाही," असं म्हणत बाईंनी प्लास्टरचा जबडा उलटा केला, आणि त्याच्या बुडाकडे बघून त्यांचं तोंड उघडंच राहिलं.

ही कला बाईंच्या अंगी होती, याबद्दल निदान बाईंना तरी शंका नव्हती. तिच्याच जोरावर गेल्या वर्षी त्यांनी लॅबमधल्या पॉलिशवालीला चोर ठरवलं होतं. हरवलेला चिमटा पुढे बाईंच्याच डब्याच्या पिशवीत सापडला, तेव्हा त्या म्हणाल्या, "आज नाही तर उद्या घेतलाच असता तिने."

दातांच्या कॅप बनवणाऱ्या त्या लॅबमध्ये सगळा कारभार खुणांवर चाले. डॉक्टरांकडून जबड्याचा साचा येई, सोबत चिठ्ठीवर दाताच्या रंगाचा नंबर. कॅप तयार झाली की बनवणाऱ्याने साच्याच्या बुडाशी पेन्सिलीने आपली खूण करायची. रंग जुळला नाही म्हणून कॅप परत आली, तर भिंतीवरच्या फळ्यावर त्या खुणेपुढे एक रेघ वाढे. बाईंची खूण गोल. गेल्या सात महिन्यांत गोलापुढे एकही रेघ नव्हती. फुलीपुढे एकोणीस होत्या.

आणि आता बाईंच्या हातातल्या साच्यावरचा गोल कोणीतरी रबराने पुसला होता. त्यावर फुली होती.

बाईंनी ट्रेमधले बाकीचे साचेही पालथे केले. त्यांनी कालच संपवलेल्या आठांपैकी पाचांवर फुली. त्या ताडकन उठल्या.

फुलीवाला शेजारच्याच टेबलावर बसे. मौनीबाबा हे नाव त्याला बाईंनीच ठेवलं होतं. तो दिवसाला चार वाक्यं बोले, त्यातली दोन 'हो' असत.

"हे काय आहे रे?"

"साचा," तो म्हणाला.

"साचा आहे ते मलाही दिसतंय! आपलं बिघडवायचं आणि दुसऱ्याचं चांगलं ढापायचं, हा धंदा कधीपासून सुरू केलास? माझ्या या मुख्य कारागिराच्या खुर्चीवर डोळा आहे तुझा. पहिल्या दिवशीच ओळखलं होतं मी."

"खुर्ची नको मला, बाई."

"नको म्हणणाऱ्यालाच जास्त हवी असते. डोळे मिटून दूध पिणारी मांजरं पुष्कळ बघितलीत मी. आधीच त्या मेल्या ट्यूबने डोकं उठवलंय, त्यात तू!"

बाईंच्या टेबलावरची ट्यूब वर्षात तीनदा बदलून झाली होती. प्रत्येक नवी ट्यूब चार दिवसांत पिवळी पडते, अशी त्यांची तक्रार होती.

पॉलिशवालीने मशीन बंद केलं. नीट ऐकू यावं म्हणून.

पाचही साचे पदरात घेऊन कवटाळून बाई मालकांच्या केबिनमध्ये शिरल्या. मागोमाग मौनीबाबाला बोलावणं गेलं.

"फुली का मारलीस?" मालकांनी विचारलं.

"त्या कॅप परत येणार होत्या म्हणून."

"कुणी सांगितलं परत येणार?"

"रंग चुकलेत. जमतात तेवढ्या मी सुधारतो. उरतात त्यांवर फुली मारतो."

बाई हसल्या. एकट्याच हसल्या. मालकांनी खणातून नमुन्याचे दोन दात काढून टेबलावर ठेवले.

"बाई, यातला पिवळा कोणता?"

बाईंनी दोन्ही उचलले, जवळ नेले, लांब धरले, पुन्हा जवळ आणले.

"दोन्ही एकच आहेत. तुमच्या इथली ट्यूबसुद्धा..."

केबिनमध्ये ट्यूब नव्हती. खिडकी होती, आणि सकाळचे अकरा वाजले होते.

बाई मौनीबाबाकडे वळल्या.

"दया करत होतास माझ्यावर? तू?"

"नाही, बाई."

"मग कशाला?"

"कारण तुम्ही उठलात की त्या खुर्चीवर मलाच बसवणार!" मौनीबाबाचा आवाज एवढा मोठा आहे, हे त्या दिवशी सगळ्या लॅबला कळलं. "आणि त्या खुर्चीवरच्या माणसाला दर सोमवारी इथे येऊन यांचं दीड तास ऐकावं लागतं!"

'यांचं' म्हणताना त्याचं बोट मालकांच्या नाकासमोर होतं. मालक आधी लाल झाले, मग जांभळे.

खुर्चीचा लोभ असता तर बाईंना त्याला तुच्छ लेखता आलं असतं. दया असती तर तोंडावर फेकता आली असती. याचं काय करायचं, ते त्यांना सुचेना. त्यांनी मालकांची पेन्सिल उचलली आणि एकेका साच्यावरच्या फुलीवर आपला गोल काढायला सुरुवात केली. तिसऱ्या साच्यावर टोक मोडलं. उरलेले दोन त्यांनी नुसत्या लाकडाने कोरले.

मौनीबाबाला शिक्षा काय करायची, याचा मालकांना फार विचार करावा लागला नाही. सोमवारी साडेनऊला तो वही घेऊन केबिनमध्ये गेला आणि अकराला बाहेर येऊन बाईंच्या खुर्चीवर बसला. बाईंना तयार कॅपचे डबे बांधण्याचं टेबल मिळालं होतं. त्यांनी एक कागद आणून त्याच्यापुढे आपटला. या टेबलावरचीही ट्यूब पिवळी पडली आहे, बदलून मिळावी.

त्याने तो वाचला. मान वर न करता सही केली.

दुपारी बाईंसाठी चौथ्यांदा ट्यूब बदलली. काढलेली चांगली होती.