परतूरची पानं

आमच्या घरचा माणूस भोकरदनच्या बसस्टँडवर उभा राहून शेजारच्याला विचारतो, "भाऊ, बसस्टँड कुठंय?" लोक हसतात. हसू द्या. आमचे आजोबा अप्पाराव यांनी आपल्या प्रवासाच्या वहीत लिहून ठेवलंय की, परक्या ठिकाणी पाय ठेवला की आधी कोणाला तरी रस्ता विचारावा, ठाऊक असला तरी विचारावा. भोकरदन काही आम्हाला परकं नाही, पण सवय ती सवय. माझा चुलतभाऊ मिथुन ट्रक घेऊन पार गुवाहाटीपर्यंत जातो. मोबाइलमधली बाई त्याला डावं-उजवं सांगत असते, तरी हा काच खाली करून पानवाल्याला विचारतोच.

ही वही आमच्या पिंपळगाव रेणुकाईत पोथीइतकी प्रसिद्ध आहे. निजामाचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. लढाईवरून परतलेल्या एका शिपायाच्या गप्पा ऐकून अप्पा भर बाजारात बोलून गेले, "मी आफ्रिका बघून येतो." आता बाजारात माणूस काय काय बोलतो! पण गावानं ते मनावर घेतलं. हलगी लावली, गुलाल उधळला, रेणुकाईपुढचा नारळ पिशवीत घातला, 'हा तिथल्या समुद्रावर फोड' म्हणून बजावलं आणि बैलगाड्या जुंपून निम्मं गाव त्यांना जालन्याच्या स्टेशनावर घालवायला गेलं. अप्पा सात वर्षांनी परत आले. बरोबर लवंगांची पुडी होती आणि ही वही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, बैलांना जुंपत नाहीत. माणसंही रिकामी असतात. त्या दिवशी आमच्या अंगणात वही वाचायची, हा नेम. आधी अप्पा वाचायचे, मग वडील, आता मी. आमच्यातलं कोणी बाहेर मुलखात गेलेलं असेल तर त्यानं वहीतली एक गोष्ट तिथं पडताळून बघायची आणि करीला सगळ्यांसमोर सांगायची, हाही नेमच. मिथुननं विशाखापट्टणमचं बंदर बघून सांगितलं, "बराबर आहे, अप्पांनी लिहिलं तसंच आहे." माझी बहीण प्रीती मस्कतला नर्स आहे. तिनं तिथला उन्हाळा पडताळला, जरा जास्तच पडताळला असं म्हणते. वहीत अप्पा आफ्रिकेतल्या ज्या मोंबासाला राहिले, तिथं मात्र त्यांच्यानंतर कोणीच गेलं नव्हतं.

गेली ती माझी पोरगी, आकांक्षा. ठिबक सिंचनाच्या एका कंपनीनं तिला तिकडं पाठवलं. लहानपणापासून वही ऐकून ऐकून तिला मोंबासा म्हणजे आजोळ वाटायचं. मी चौकात फ्लेक्स लावला: 'अप्पारावांची पणती आफ्रिकेत!' त्यावर तिच्यापेक्षा माझा फोटो मोठा आला, तो छापणाऱ्याचा दोष. हलगीच्या जागी डीजे होता, गुलाल तोच.

जाताना सोनूआत्यानं तिला काम सांगितलं. सोनूआत्या, म्हणजे सोनूबाई, ही अप्पांची थोरली लेक. वय पंच्याऐंशीच्या पुढं, कान शाबूत, जीभ त्याहून शाबूत. अप्पा निघाले तेव्हा ती सहा वर्षांची होती. वहीत अप्पांनी लिहिलंय: 'मोंबासाला रोज रातीला ध्रुवतारा बघतो. घरच्या अंगणातून सोनी बी तोच बघत असंल.' हे पान आलं की आत्या पदर डोळ्याला लावायची. तिला म्हणे तेव्हा पोरं 'बिनबापाची' म्हणून चिडवायची, आणि तिची माय सांगायची की समुद्र त्यांना सोडत नाही. मग ही विहिरीवर जाऊन समुद्राला शिव्या द्यायची. समुद्र कोणत्या दिशेला आहे हे माहीत नसल्यानं चारी दिशांना द्यायची. वही आली, हे पान ऐकलं आणि तिनं बापाला माफ केलं. सगळं त्या एका ताऱ्याच्या भरवशावर.

"तोच तारा बघून ये गं," ती आकांक्षाला म्हणाली. "मंग मला सांग, तिथून कसा दिसतो."

आता माझी पंचाईत ऐका. मी हायस्कुलात भूगोल शिकवतो. विषुववृत्ताच्या खाली ध्रुवतारा दिसत नाही, हे मी दरवर्षी फळ्यावर गोळा काढून पोरांना सांगतो. आणि दरवर्षी करीला ताऱ्याचं पान रंगवून वाचतो. शाळेतला बद्रीनाथ सर आणि अंगणातला बद्री यांची कधी गाठच पडली नव्हती. ती आकांक्षानं पाडली.

पोळ्याच्या आधी तिचा फोन आला. "बाबा, मोंबासा विषुववृत्ताच्या खाली आहे."

"हं," मी म्हणालो.

"म्हणजे अप्पा..."

"करीला सांग, आभाळ होतं. आत्याला एवढंच सांग."

तिनं फोन ठेवला. तशी ती हल्ली कमीच बोलायची. 'कशी आहेस' विचारलं की अंगठा पाठवायची. मला वाटायचं, कामात असेल.

करीच्या दिवशी दुपारी अंगण भरलं. मिथुननं मोबाइल पाटावर तांब्याला टेकवून ठेवला होता, त्यात आकांक्षा. आत्या समोर बसून वाती वळत होती. मी नेहमीप्रमाणे वहीच्या सुरुवातीची, परतूर स्टेशनाची पानं गाळून बोटीपासून सुरुवात केली. परतूरची पानं आम्ही कधीच वाचत नाही. अप्पाच म्हणायचे, "ते राहू द्या, त्यात काय न्हाई." स्वतः त्यांनी ती कधी वाचली नाहीत. फाडली मात्र नाहीत. खरं तर जालन्याहून मुंबईला जायचं तर गाडी औरंगाबादकडं जाते, परतूर अगदी उलट अंगाला. पण घरात कोणी विचारलंच तर उत्तर ठरलेलं होतं, 'तेव्हा गाड्या तिकडून फिरून जायच्या.' भूगोलाच्या मास्तरानंसुद्धा ते गिळलं होतं.

ताऱ्याचं पान आलं. वाचून झालं. आत्यानं मोबाइलकडं तोंड केलं.

"दिसला का गं तारा?"

"न्हाई दिसला, आजी."

"आभाळ होतं ना!" मी मध्येच ओरडलो. "तिकडं आभाळ लई असतं."

"आभाळ न्हाई, बाबा," आकांक्षा म्हणाली. "आजी, इथून तो कधीच दिसत न्हाई. मी पृथ्वीच्या खालच्या अंगाला आहे. मला खोटं न्हाई बोलता येत तुझ्याशी."

आत्यानं वात खाली ठेवली. "बद्री, तू भूगोल शिकवून राह्यला ना? खरंय हे?"

"खरंय, आत्या."

"मंग इतके वर्षं वाचताना काय झोपला होता का?"

एरवी या बोलण्यावर अंगण हसलं असतं. कोणी हसलं नाही. मला आत्याच्या चेहऱ्याकडं बघवेना.

"म्हणजे अप्पा तिथं गेलेच न्हाईत," ती हळूच म्हणाली. "सात वर्षं मी समुद्राला शिव्या देल्या. बिचारा समुद्र." मग एकदम म्हणाली, "परतूरची पानं काढ."

"आत्या, राहू दे..."

"काढ म्हणलं ना."

ती पानं एकमेकांना चिकटली होती. मी नखानं सोडवली आणि वाचायला लागलो. आवाज वाचनाचा लागेना, अडखळत होतो.

'जालन्याला गाडी उभी होती. गाव गुलालानं माखलेलं. ममईची गाडी हीच का, म्हणून विचारायला तोंड उघडलं आणि मिटलं. आफ्रिकेला निघालेल्या माणसानं जालन्यात रस्ता विचारायचा? बसलो. परतूरला तिकीट बघणाऱ्यानं खाली उतरवलं. म्हणला, ममई तुझ्या पाठीकडं राह्यली.'

कोणी तरी फिसकन हसलं. मिथुनच असणार. आत्यानं बघितल्यावर गप्प झालं.

'स्टेशनावर पाणी पाजायचं काम भेटलं. गाडीतले शिपाई, व्यापारी दूरदूरचं सांगतात. ऐकतो, लिहितो. लोक रस्ता विचारतात. सांगितला की बरं वाटतं. तेवढ्यापुरतं मी बी कुठं तरी जाऊन येतो.'

इथं मी थांबलो. रस्ता विचारावा, ठाऊक असला तरी विचारावा. आम्ही ते फिरस्त्याचं शहाणपण समजून डोक्यावर घेतलं होतं. ते होतं न विचारून फसलेल्या माणसाचं, आणि कोणी तरी विचारावं म्हणून दिवसभर वाट बघणाऱ्याचं.

"पुढं वाच," आत्या म्हणाली.

'जालन्याची गाडी रोज येते. रोज वाटतं, बसावं. पण गाव विचारील, नारळ कुठं फोडला? आज एका बाईच्या बोटाला आमच्या सोनीएवढी पोर होती. पाणी पिऊन झालं तरी ओंजळ पुढं करून राह्यली. तिला पुन्हा पाजलं.'

आत्या रडली. मोठ्यानं, लाज न बाळगता रडली. आम्ही सगळे खाली माना घालून बसलो. मला वाटलं, आता ही वही चुलीत जाते. आणि गेली असती तर मी अडवलंही नसतं.

"परतूर!" ती म्हणाली. "परतूर काय दूर आहे का रे? माय रोज वाटंकडं बघत बसायची." पदरानं तोंड पुसलं. "पण त्यानं तरी कोणत्या तोंडानं यावं? गावानं वाजतगाजत घालवला. चालत जाणाऱ्याला चालत येता येतं, वाजतगाजत गेलेल्याला न्हाई येता येत."

मग ती मोबाइलकडं सरकली, अगदी नाक लागेपर्यंत. "आकांक्षा, तुझं काय? खरं सांग. करमतं का?"

आकांक्षानं तोंड फिरवून डोळे पुसले. मला एकदम ते सगळे अंगठे आठवले.

"लई वाटतं यावं, आजी. लई. पण चौकात ते फ्लेक्स..."

"ते आज निघंल."

"आत्या, लोक काय म्हणतील?" मी म्हणालो. "पोरगी परत येऊन राह्यली म्हणतील..."

"बद्री!" आत्यानं नुसतं नाव घेतलं. मिथुन शिडी आणायला उठलासुद्धा.

उन्हं कलायच्या आत आम्ही चौकात होतो. मी शिडीवर, मिथुन शिडीला धरून, आणि खाली आत्या काठी टेकून. तिच्या हातात मोबाइल, मोबाइलमध्ये आकांक्षा. सुतळीच्या गाठी मीच मारल्या होत्या, त्या आता मलाच सुटेनात. पहिलं टोक सुटलं तसा माझा मोठा चेहरा दुमडून खाली लोंबला. वरून मला लेकीचा आवाज ऐकू आला, कित्येक दिवसांनी मोकळा.

"निघालं का पूर्ण, आजी?"

"निघालं. वाटंल तेव्हा ये. उद्या ये, न्हाई तर दहा वर्षांनी ये. कोणी इचारणार न्हाई."

"मंग आता राहीन मी इथं," आकांक्षा म्हणाली. "आता राहता येईल."

"आणि ऐक. तिथं गेलेली आपल्या घरातली पहिली तूच. नारळ तूच फोड."

मी फ्लेक्सची गुंडाळी काखेत घेऊन खाली उतरलो. तेवढ्यात शेजारच्या गल्लीतला वसंता दुधाची किटली घेऊन आला आणि काय चाललंय ते बघत उभा राहिला. आत्यानं त्याला हाक मारली.

"भाऊ," ती म्हणाली, "परतूरला कसं जायचं?"

वसंता चक्रावला. "आधी जालन्याला जा, मावशी. तिथून रेल्वे. पण कोणाला जायचंय?"

"मला," सोनूआत्या म्हणाली.