शेवटची चार चाकं

मी एक जुना कॉम्प्रेसर आहे. मित्रांनो, पेट्रोल पंपावर हवा भरणारं मोठं यंत्र तुम्ही पाहिलं असेल. मी त्याच्याच कुळातला, पण दोन विटा एकमेकींवर ठेवल्या तर होतील एवढाच. माझ्यासारख्यांना गाडीतच बसवतात. हल्ली माझा मुक्काम गाडीच्या मागच्या बाजूला, एका लाकडी पेटीत असतो. सोबतीला दोरखंड आणि फावडं. दोघेही अबोल.

माझे मालक जमिनीची मोजणी करायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी उंच चाकांची एक जुनी गाडी घेतली. सगळे त्यांना काका म्हणत. ते एकटेच राहत. सकाळी दूधवाल्याशी दोन शब्द झाले की दिवसभर त्यांच्या घरात फक्त पंख्याचा आवाज.

मला गाडीत बसवलं त्यांच्या धाकट्या बहिणीने. तिचं स्वतःचं गॅरेज आहे. काकांना मी इंजिनाला खेटून हवा होतो, तिथे जागा मोकळी दिसत होती म्हणून.

"दादा, तिथे भाजून निघेल तो," ती म्हणाली. "तू जमिनी मोज. हे माझ्यावर सोड."

तिने मला बॅटरीच्या बाजूला, लोखंडी पट्टीवर बसवलं. हादरे लागू नयेत म्हणून खाली रबर घातलं. धूळ आणि पाणी आत जाऊ नये म्हणून माझी श्वास घेण्याची नळी उंच नेऊन बांधली. बॅटरीपासून जाड वायर ओढली, मध्ये फ्यूज टाकला. शेवटी प्रत्येक जोडावर साबणाचा फेस लावून पाहिला. कुठेही बुडबुडा आला नाही, तेव्हाच तिने हात पुसले.

माझं काम समजायला वाळू समजायला हवी. टणक चाक वाळूत रुततं. म्हणून वाळूत शिरण्याआधी चाकांतली थोडी हवा सोडतात. चाक मऊ होतं, पसरतं आणि वाळूवरून निभावून नेतं. पण तशाच मऊ चाकांनी डांबरी रस्त्यावर पळालं, तर चाक तापून फुटू शकतं. वाळू संपली की हवा पुन्हा भरावीच लागते.

काका महिन्यातून एकदा ज्या हौशी मंडळींबरोबर वाळूच्या पट्ट्यात गाड्या चालवायला जात, त्यांच्यापैकी कुणाकडेच कॉम्प्रेसर नव्हता. परतताना सगळ्या गाड्या एका बंद पडलेल्या वजनकाट्याच्या शेडखाली थांबत. काका बॉनेट उघडत, लांब नळी काढत आणि आधी सगळ्यांची चाकं भरत. आपली शेवटी.

मी हळू होतो. एकेका चाकाला चांगलाच वेळ घ्यायचो. तोवर लोक काय करणार? बोलायचे. बेकरीवाला आपल्या भट्टीची गाऱ्हाणी सांगायचा. दातांच्या डॉक्टरीणबाई, कोण पेशंट त्यांच्या बोटाला चावला ते सांगायच्या.

"काका, तुमचा हा पंप आहे की दमेकरी?" बेकरीवाला विचारायचा.

"दमेकरी असला तरी तुझ्यासारखा कण्हत नाही," काका म्हणायचे, आणि शेडचा पत्रा दणाणेल एवढं सगळे हसायचे. गप्पा रंगलेल्या असायच्या, म्हणून काकांची चाकं भरेपर्यंत कुणी हलायचं नाही. मित्रांनो, काका महिनाभर वाट पाहायचे ती वाळूची नव्हे, या शेडची. हे फक्त मला ठाऊक होतं.

मग एकदा बहीण सोबत आली. लोक ताटकळताना पाहून तिलाच ओशाळल्यासारखं झालं. "दादा, चारचौघांत शोभतं का हे? मी तुला चांगला मोठा बसवून देते." ती प्रेमानेच म्हणत होती. काकांनी मान डोलावली. मला उशीरच हवा आहे, हे माणूस सख्ख्या बहिणीलाही कसं सांगणार?

माझ्या जागी दोन सिलिंडरचा नवा कॉम्प्रेसर आला. त्याला चार तोंडांची नळी होती. एका गाडीची चारही चाकं तो एकदम भरायचा, आणि आवाज असा की शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येऊ नये. "अडीअडचणीला असू दे," म्हणून बहिणीने मला पुसून, तेल देऊन या पेटीत ठेवलं.

पुढच्या खेपेला पेटीतून मी ऐकत राहिलो. नवा गरजला, थांबला, पुन्हा गरजला. "वा काका, काम म्हणजे काम!" दारं धडाधड लागली. "तुमचं काय, होईलच आता!" एकामागून एक गाड्या निघून गेल्या. नंतर नव्या कॉम्प्रेसरने काकांची चाकं भरली. ऐकायला फक्त मी होतो. पुढच्या खेपांनाही तेच.

एका रविवारी शेडखाली थांबल्यावर काका म्हणाले, "आज नवा चालत नाहीये. जुन्यानेच भरू." पेटी उघडली. कितीतरी दिवसांनी माझ्यावर उजेड पडला. काकांनी मला बॅटरीजवळ ठेवलं, चिमटे लावले. तेव्हा मी पाहिलं, नव्याची वायर सुटून लोंबत होती. त्या वायरीला खटका असतो. बोटाने दाबल्याशिवाय ती निघत नाही.

मी माझ्या चालीने सुरू झालो. "झालं, आता बसा!" बेकरीवाला कुरकुरला, पण टेकला. डॉक्टरीणबाईंनी थर्मास काढला. काका नळी धरून सांगू लागले, "एकदा मोजणीला गेलो होतो. दोन साडू हद्दीवरून भांडत होते. तेवढ्यात एकाच्या शेळीने माझा नकाशाच..."

"थांबा थांबा!" बेकरीवाला बॉनेटमध्ये डोकावत ओरडला. "वायर सुटलीय फक्त! आमच्या भट्टीचं अस्संच होतं." खट्‌ आवाज झाला आणि नवा गरजला. "बघा काका, वाचवला ना तुमचा वेळ?"

काका म्हणाले, "वाचला रे बाबा." आणि माझे चिमटे काढले.

बेकरीवाला मनाने वाईट नव्हता. जाताना त्याने हातही हलवला. सगळ्या गाड्या गेल्यावर काकांनी नवा बंद केला आणि पुन्हा मला लावलं. एका चाकाशी उकिडवे बसून ते अर्धी राहिलेली गोष्ट पुढे सांगू लागले. शेळीने नकाशा पळवला, दोघे साडू तिच्यामागे धावले, दमून एकाच दगडावर बसले, आणि तो दगड कुणाच्या हद्दीत आहे हे विचारायचं दोघेही विसरले. गोष्ट चांगली होती. हसू येईल अशीच होती. पण मला हसता येत नाही.

मित्रांनो, माझी निगा उत्तम राखली जाते. माझी जाळी धुतलेली असते, तेल वेळेवर मिळतं. माझ्यासाठी मला काही मागायचं नाही. मागणं एवढंच आहे, की कुणी तुमच्या चाकांत हवा भरून दिली, तर लगेच किल्ली फिरवू नका. त्याची चाकं अजून मऊ असतात. ती भरेपर्यंत थांबा, आणि तो काही सांगत असेल, तर शेवटपर्यंत ऐकून घ्या.