मुग्धाचा चुडा

दवाखान्याच्या कागदावर बांगड्या भरणारी बेगमबी ठणठणीत होती. दर तीन महिन्यांनी अहमदपूरहून एसटीनं लातूरला जायचं, गोळ्या आणायच्या, वेळेवर घ्यायच्या. नवरा जाताना एचआयव्ही मागे ठेवून गेला, त्याला अकरा वर्षं झाली. यंदाच्या तपासणीत तर विषाणू सापडण्याइतकाही उरला नव्हता. "खुशाल बांगड्या भरा. हात धरल्यानं कुणाला काही होत नाही, आणि कुणाला सांगायची सक्तीही नाही," असं तिथल्या समुपदेशक बाईंनी दहादा बजावलं होतं.

पण खरं बोलायची खोड वाईट. सौदामिनीबाईंच्या मुग्धाचं लग्न ठरलं, चुडा भरायला बेगमबीला घरी बोलावणं आलं. सत्तावीस वर्षांपूर्वी सौदामिनीबाईंचा लग्नचुडाही तिनंच भरला होता. अशा घरात लपवाछपवी कशाला, म्हणून आदल्या दिवशी तिनं सगळं सांगून टाकलं. बाई शाळेत विज्ञान शिकवायच्या. डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या, "मला का कळत नाही, बेगमबी? दरवर्षी पोरांना शिकवते मी. तू उद्या यायचंस म्हणजे यायचंस." बेगमबी मोकळ्या मनानं घरी गेली.

दुसऱ्या दिवशी मुग्धा सतरंजीवर हात पुढे करून बसली, भोवती मावश्या-आत्यांचा गलका. बाईंनी बेगमबीला हळूच आत बोलावलं आणि तिच्या हातात रबरी हातमोजे ठेवले.

"मेंदी खराब होऊ नये म्हणून घातलेत, असं सांगते सगळ्यांना. काच आहे गं... तेवढंच आपलं."

विज्ञान शाळेतच राहिलं म्हणायचं.

"बाई, मोज्यानं हाड कळायचं न्हाई," बेगमबी म्हणाली. तरी तिनं ते घातले. लगीनघरात नाही कशी म्हणणार?

बांगडी भरायची ती बोटांनी अंदाज घेत. हात कुठं दबतो, कुठं थांबायचं, हे कातडीला कळतं. रबराला काय कळणार? चौथी हिरवी बांगडी मोज्याला चिकटली, आडवी झाली आणि कट्‌कन पिचली. मुग्धाच्या हातावर रक्ताचा थेंब आला. इतक्या वर्षांत नवरीच्या हातावर बेगमबीकडून असं कधी झालं नव्हतं.

"अगं बाई!" सौदामिनीबाई धावल्या. रक्त लेकीच्या हाताला, आणि त्या बघत होत्या बेगमबीच्या हाताकडे. मोजा कुठं फाटलाय का, उलटसुलट करून पाहिला. बेगमबीला तेव्हा जे वाटलं, ते आजार कळला त्या दिवशीही वाटलं नव्हतं.

"मुग्धा, उरलेल्या तुझ्या तू भर."

"मला नाही येत गं आई! बेगमबीमावशीच भरू देत ना."

"भर म्हटलं ना!"

मुग्धानं बांगडी कशीबशी चढवायला घेतली. ती अंगठ्यापाशी अडकली. पोर रडवेली झाली. बेगमबी उठून चार हात लांब जाऊन बसली. मोजे काढून तिनं हात पदराखाली घेतले.

"अंगठा आत दुमड, बाय," ती तिथूनच म्हणाली. "हात ढिला सोड. लई घाई करू नको. हाव, असंच. आता ढकल."

बांगडी गेली. मुग्धानं दुसरी उचलली. चुडा पुरा होईस्तोवर पदराखाली बेगमबीचे अंगठे एकेक बांगडी पुढे सरकवत राहिले.