गोधडीच्या पोटात

सासूबाईंनी माझ्या मुलीसाठी शिवलेली गोधडी मी कात्रीने उसवायला बसले, तेव्हा त्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "उसव. कॉलेजात तेवढंच शिकवलं असेल. दुसऱ्याने जोडलेलं उसवायचं."

मी मान वर केली नाही. नवरा पेपर हातात धरून मधल्या खुर्चीत बसला होता. रविवारी त्याची जागा तीच, आमच्या दोघींच्या मधली.

झालं होतं ते असं. सकाळी ठमीला, म्हणजे माझ्या सहा महिन्यांच्या मुलीला, त्या नव्या गोधडीवर पालथं टाकलं होतं. ती एकदम किंचाळली. तिचं भुकेचं रडणं मला ओळखू येतं, झोपेचंही येतं. हे तिसरंच होतं. उचलून बघितलं तर मांडीवर केसासारखा बारीक, लाल ओरखडा.

"नखं काप स्वतःची," सासूबाई आतूनच म्हणाल्या.

"माझी कापलेलीच असतात, आई."

"मग तिची काप. पोरं स्वतःलाच ओरबाडतात. आम्ही काय पोरं वाढवली नाहीत? सुतावरून स्वर्ग गाठायची सवयच आहे तुला."

सूत होतंच, पण मला सुईची भीती होती.

सासूबाईंनी उमेदीची सगळी वर्षं शिवणाच्या मशीनवर काढली. आता मशीन बंद असतं आणि त्या हाताने गोधड्या शिवतात. कोपऱ्यातल्या खोलीत शिंप्यांकडून आलेल्या कातरणाची पोती असतात: शर्टांच्या कॉलरींमधून उरलेल्या पट्ट्या, अस्तराचे कोपरे, जीन्सचे कापलेले पाय. त्यातून त्या जे जोडतात ते बघून भलेभले गप्प होतात, हे मलाही नाकारता येत नाही. बाजारातला एक दुकानदार त्यांच्या गोधड्या चौकटीत घालून भिंतीवर टांगायला विकतो. मला मात्र त्या शिवणाला हात लावू देत नाहीत. माझा टाका म्हणे कुत्रं मागे लागलेल्या कोंबडीसारखा पळतो.

हात लावायचा नाही, तर मी बघत बसायचे. आणि बघता बघता मला कळलं, की त्यांना जवळचं दिसत नाही.

रोज सकाळी त्या "साडी टाकून येते" म्हणून खालच्या लाँड्रीत जायच्या. एकदा ठमीला घेऊन मी मागोमाग उतरले. लाँड्रीवाला इस्त्री बाजूला ठेवून, एक डोळा मिटून, सुईत दोरा ओवत होता. सासूबाई पहारेकऱ्यासारख्या रस्त्याकडे तोंड करून उभ्या. मला बघताच त्याने सुई मुठीत लपवली आणि उगाच विचारलं, "बाळाला दात आले का?"

ओवून आणलेल्या सुया त्या गोधडीच्याच काठाला ओळीने टोचून ठेवायच्या. एकीचा दोरा संपला की दुसरी उपसायची. घरात कुणाला "जरा ओवून दे गं" म्हणावं लागू नये, यासाठी एवढा खटाटोप. मी नवऱ्याला इतकंच म्हटलं होतं, "आईंचे डोळे तपासून आण." त्याने ते जसंच्या तसं, माझ्या नावासकट, आईला सांगितलं. त्यानंतर आठवडाभर माझ्याशी बोलणं बंद, आणि वन्संना फोनवर, मला ऐकू जाईल अशा आवाजात, "हो गं, आंधळीच झालेय मी, डोळसांच्या घरात."

आणि एक दुपार आठवत होती. जीन्सचा जाड तुकडा जोडताना काहीतरी 'कट्' वाजलं होतं. मी आले तर सासूबाई गुडघ्यांवर बसून तळव्याने फरशी चाचपत होत्या. "मणी पडला," म्हणाल्या. त्यांच्या गळ्यातली माळ शाबूत होती.

म्हणून आज मी फ्रिजवरचा चुंबक काढला. मोडक्या स्पीकरमधून नवऱ्याने काढलेला तो जड, काळा चुंबक आमच्याकडे लाइटचं बिल धरून ठेवतो. गोधडीवर तो सावकाश फिरवत गेले. जीन्सच्या ठिगळावर आल्यावर हाताला ओढ लागली. कापडाखाली 'टिक्' झालं.

तिथेच मी कात्री घातली होती.

ठिगळाखाली, आतल्या जुन्या चादरीच्या थरात, मोडलेल्या सुईचं टोक आडवं पडलेलं होतं. मी ते चुंबकावर घेतलं आणि नवऱ्याच्या पेपरावर धरलं.

तो उठून उभा राहिला. "आई?"

सासूबाईंनी डोळे बारीक करून बघितल्यासारखं केलं. मग शांतपणे म्हणाल्या, "तिने घातलं."

"कोणी?"

"हिने. तुझ्या बायकोने. मला त्या खोलीतून उठवायचंय तिला. पोतं बाहेर, म्हातारी बाहेर."

"मी माझ्या मुलीच्या अंथरुणात सुई घालेन?" मी विचारलं.

नवरा दोघींकडे बघत म्हणाला, "मुद्दाम नसेल, आई... म्हणजे चुकून..." कुणाची चूक, हे त्याने पुरं केलं नाही. त्याच्याशी नंतर भांडायचं, असं मी ठरवून टाकलं.

"मणी सापडला का हो तो?" मी सासूबाईंना विचारलं.

त्यांनी गळ्यातली माळ मुठीत धरली.

"ठीक आहे. मीच घातली. मग वन्संकडे गेलेल्या गोधडीची काळजी नको. तीही त्याच पोत्यातली."

नणंदेचा मुलगा चार महिन्यांचा. त्याची गोधडी ठमीच्या गोधडीबरोबरच शिवून झाली होती. सासूबाईंच्या कपाळावरची शीर हलली, पण म्हणाल्या, "नकोच मुळी. माझ्या हातच्या शिवणात आजवर काही निघालेलं नाही."

त्या खोलीत गेल्या आणि दार लावलं. त्या चार महिन्यांच्या मुलाचा विचार आला आणि माझ्या रागाची भीती झाली. मी ठमीला दूध पाजलं, झोपवलं आणि वन्संना फोन लावला.

"वन्सं, बाळाला त्या गोधडीवरून आधी उचला—"

"आईचा फोन येऊन गेला," त्या म्हणाल्या. "सगळं कळलंय मला. लाज वाटली पाहिजे, वहिनी." फोन बंद. परत लावला, उचललाच नाही.

मी चप्पल घालायला गेले, तर सासूबाईंची चप्पल जागेवर नव्हती. खोलीचं दार उघडं होतं. टेबलावर सुईचं टोक होतं, पण चुंबक नव्हता.

दुपार कलली तेव्हा त्या आल्या. कुणाकडे न बघता फ्रिजपाशी गेल्या आणि चुंबक दारावर 'खट्ट' चिकटवला. त्याच्या कडेला अख्खी सुई उभी होती. नेढ्यात अजून लाल दोरा लोंबत होता.

"कुठे होती?" मी विचारलं.

"काठाच्या दुमडीत."

"बाळ?"

"बरं आहे. झोपलंय." त्या माठातलं पाणी प्यायल्या, पेला उपडा ठेवला. "तिला सांगितलं, तूच घातलीस. मागे बाळ बघायला गेली होतीस तेव्हा."

"मी?"

"मग काय माझं नाव सांगू? तिच्या सासूसमोर निघाली ती सुई!"

नवरा म्हणाला, "आई, हे फार झालं." त्या दिवसातलं त्याचं पहिलं पुरं वाक्य.

मी मात्र रडले नाही. कोपऱ्यातल्या खोलीत गेले, सुयांची पत्र्याची डबी उचलली, माझ्या कपाटात ठेवली आणि किल्ली फिरवली.

"आळ आलाच आहे, तर सुयाही माझ्याकडेच राहू देत," मी म्हणाले. "सकाळी मी ओवून देईन. संध्याकाळी सगळ्या परत. एक जरी कमी आली, तर वन्संना फोन लावेन आणि लाँड्रीवाल्याच्या हातात देईन. त्याला काय सांगायचं ते तो सांगेल."

"नागीण आणली घरात," सासूबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या माझ्या दाराशी आल्या. हाक मारली नाही. बांगड्या वाजवल्या.

"दोरा लांब घे. तुझ्या अकलेएवढा आखूड नको."

मी एकेक सुई ओवत गेले. त्या माझ्याकडे पाठ करून, जिन्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. कुणी वर येत नाही ना, बघत.

संध्याकाळी डबी माझ्या उंबऱ्यावर आपटली गेली. मी त्यांच्या देखत सुया मोजल्या. सगळ्या होत्या. मग तरीही चुंबक घेतला आणि ठमीची गोधडी पुन्हा एकदा, या काठापासून त्या काठापर्यंत, तपासली. त्या बघत राहिल्या. मीही घाई केली नाही.