बोंबलाच्या ऑर्डरी

अंधेरीच्या एका मासळी कंपनीत कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या नेत्राने ईमेल गेटवे बसवला, तेव्हा देवदत्त साहेबांना तिने सोप्या भाषेत सांगितलं, "सर, येणारी-जाणारी प्रत्येक मेल आता हा तपासणार. संशय आला की अडवणार." साहेब खूश झाले. नेत्रा त्यांच्याहून खूश. संशय हा तिचा धंदा होता आणि स्वभावही. बाई घरी दूधवाल्यावरही विश्वास ठेवत नसे.

आठवड्याभरात बोंबलाच्या ऑर्डरी यायच्या बंद झाल्या. सुरमईच्या येत होत्या, पापलेटच्या येत होत्या. पवईचा हॉटेलवाला फोनवर ओरडत होता, "मेल केलीय हो आम्ही!" ऑर्डरींच्या मेल बघायच्या वेसाव्याच्या वनमालाताई, आणि त्यांचा सख्खा भाऊ मढला बोंबीलच विकायचा. नेत्राच्या मनात पाल चुकचुकली. ताई मेल डिलीट करून ऑर्डरी भावाला देतात, दुसरं काय!

मग तिला सगळ्यातच काळंबेरं दिसायला लागलं. ताई फोनवर हळू का बोलतात? डब्यातली तळलेल्या माशाची तुकडी आपल्याला आग्रहाने का वाढतात? संशय घेत घेत तिने ती तुकडी खाल्लीही.

शेवटी तिने साहेबांना मेल केली, नेहमीसारखी इंग्रजी अक्षरांतल्या मराठीत: 'वनमालाताई बोंबलाच्या ऑर्डरी डिलीट करून भावाला देतात. त्यांना काढा.'

दुसऱ्या दिवशी साहेब ताईंशी हसून बोलत होते. म्हणजे हेही सामील! नेत्रा तरातरा केबिनमध्ये शिरली.

"सर, माझ्या मेलचं काय केलंत?"

"कुठली मेल गं? मला नाय आली."

तिने जागेवर येऊन गेटवेने अडवलेल्या मेल उघडल्या. सगळ्यात वर तिचीच. कारण: धमकीचा शब्द, 'बॉम्ब'. तो शब्द तिनेच घातला होता. कुणाला न कळवता अडवायचं, हेही तिनेच ठरवलं होतं. इंग्रजी अक्षरांत बोंबील लिहिला की पहिली चार अक्षरं तीच: b-o-m-b. खाली पवई, चेंबूर, सांताक्रूझच्या ऑर्डरी पडून होत्या. नेत्राला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"सापडल्या काय गो?" वनमालाताई मागेच उभ्या होत्या. उघडी मेल त्यांनी ओठ हलवत शेवटपर्यंत वाचली.

"चुकलं माझं, ताई. ही आत्ता डिलीट करते."

"डिलीट करायची सवय माझी ना? मग तू कशाला करतेस?" ताईंनी खुर्ची ओढली आणि शेजारी बसल्या. "सोड ती. जाऊ दे साहेबांकडे."

नेत्राने मेल सोडली. केबिनमध्ये साहेबांचा मोबाइल टिंगकन वाजला.